लटकलेलं इंजिन आणि वरचं डोहाळजेवण

बसा, चहा येतोय. तोवर एक गोष्ट सांगतो. आमच्या घरात ही गोष्ट कुणी काढली की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. आज गुडघा दुखतोय, उठवत नाही, तेव्हा म्हटलं आपणच सांगून टाकावी. फक्त हसायचं ते शेवटी हसा. त्या दिवशी मी जेवढा घाबरलो तेवढा आयुष्यात कधी घाबरलो नाही, आणि ती भीती आठवताना मध्येच कुणी हसलं की माझा क्रम चुकतो.

मी तेव्हा जामबागेतल्या एका कॉलेजात गणित शिकवायचो. राहायला बरकतपुऱ्यात. खाली आम्ही भाड्याने आणि वरच्या मजल्यावर घरमालक वेंकटराव. वीज खात्यातून निवृत्त झालेले, पांढरा लेंगा-सदरा, कपाळाला गंध, आणि जगात कशावर जीव असेल तर तो त्या घरावर. घर बांधताना स्लॅबवर त्यांनी स्वतः सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं होतं, हे आम्हाला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की मला त्या पाण्याचा आवाज ऐकू यायचा. भिंतीला खिळा मारायला बंदी होती. आमच्याकडे कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं असे. लेक्चरला जाताना तारीख बघायची तर पडदा उचलावा लागायचा.

घरासमोर पोर्टिको होता, त्याच्यावर वेंकटरावांची बाल्कनी. आणि पोर्टिकोत आमची अँबॅसडर.

ही गाडी सासऱ्यांची. मोतीबिंदूमुळे त्यांना चालवता येईना, तेव्हा त्यांनी ती आम्हाला देऊन टाकली. मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, फार आनंद झाला. मलाही झाला, पहिल्या पेट्रोल पंपापर्यंत. गाडी पेट्रोल इतकं प्यायची की कॉलेजला जायचं तर मी बसनेच जायचो आणि गाडी रविवारी पुसायचो.

ते दिवसही असे होते बघा. देशाचं मार्केट नुकतंच खुलं झालेलं. गच्चीगच्चीवरून केबलच्या वायरी, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी-आयएसडीचे बूथ, स्टाफरूममध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी नव्या छोट्या गाड्या. त्यातच बातमी आली की जपानमधली वापरलेली डिझेल इंजिनं जहाजाने येतात आणि भंगार बाजारात विकायला बसतात. ती अँबॅसडरमध्ये बसवली की गाडी डिझेलवर पळते. ही बातमी आणणारा होता सलीम, आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा माझा दोस्त.

"मियाँ, इंजन ले लेंगे, अपने हाथ से बदल लेंगे," तो म्हणाला. "मेकॅनिक लोगां फुकट में डराते. इंजन बोले तो क्या है? चार बोल्ट, दो पाइप, एक वायर."

"तू आधी कधी केलंयस?"

"स्कूटर का किया मैं."

"स्कूटरचं इंजिन बदललंस?"

"प्लग बदला. उसूल एकीच है."

तो फिजिक्सचा, मी गणिताचा. आम्हा दोघांना वाटलं की इंजिन म्हणजे शेवटी आपल्याच दोन विषयांचं लेकरू. घेतलं इंजिन. हातगाडीवरून घरी आणलं आणि व्हरांड्यात पोत्याखाली झाकून ठेवलं. मंगलने त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि विचारलं, "हे बसवायला कोण येणार?" मी म्हटलं, "आम्हीच." ती जाऊन पुन्हा थोडं कुंकू घेऊन आली.

जुनं इंजिन बाहेर काढायचं तर ते वर उचलायला लागतं. सलीमने त्याच्या मामूच्या दुकानातून चेनपुली आणली. साखळी ओढली की वजन हल्लू हल्लू वर चढतं, असं ते यंत्र. ती टांगायची कुठे? पोर्टिकोच्या छतात एक लोखंडी कडी होती. वेंकटरावांच्या आईसाठी कधीकाळी तिथे झोपाळा होता.

"हत्ती लटका सकते इसको," सलीम कडी हलवून म्हणाला.

वेंकटरावांना मी एवढंच सांगितलं की रविवारी गाडीचं थोडं काम आहे. कडीबद्दल बोललो नाही. खिळ्याला नाही म्हणणारा माणूस इंजिनाला काय म्हणेल, याची मला कल्पना होती. त्यावर त्यांनी मला काय सांगितलं, तेही मी नीट ऐकलं नाही. ते म्हणाले होते, "सर, संडे को पद्मजा का सीमंतम है. आप लोग ऊपर आना." मी "हौ, हौ" म्हणून मोकळा झालो.

पद्मजा त्यांची एकुलती एक मुलगी. जावई सुधाकर कॉम्प्युटरच्या नोकरीत अमेरिकेला, आणि ती बाळंतपणासाठी माहेरी आलेली. सीमंतम म्हणजे आपलं डोहाळजेवण. आमच्या मंगलच्या बरोबर लक्षात होतं. रविवारी सकाळी ती नारायणपेठ नेसून वर निघाली, जाता जाता म्हणाली, "आंघोळ करून वेळेवर वर या." तेव्हा मी गाडीच्या पोटात हात घालून बसलो होतो.

सकाळभर आम्ही बोल्ट काढले. बॉनेट काढलं, रेडिएटर काढला, वायरी सोडवल्या. काढलेले तुकडे वर्तमानपत्रावर मांडत गेलो. पहिले काही ओळीत मांडले, नंतर ढीग केला. त्या वेळी एकेक करून बायका यायला लागल्या होत्या. साड्या सावरत, आमच्या ढिगाला वळसा घालून, पोर्टिकोतूनच जाणारा जिना चढून वर जात होत्या. वरून हसण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते. आम्ही साखळी ओढत होतो.

आणि इंजिन निघालं हो. काळं, तेलकट, गाडीच्या अंगातून वर आलं. आम्ही दोघांनी मिळून गाडी मागे ढकलली. इंजिन पोर्टिकोच्या मधोमध माझ्या छातीच्या उंचीवर लटकत राहिलं. इथपर्यंत मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे कबूल करतो.

आता ते खाली ठेवायचं. सलीमने साखळी उलटी ओढली. हलेना. दोघांनी ओढली. पुलीच्या आत कुठेतरी साखळीचा दुवा अडकला होता. खाली नाही, वर नाही.

"मामू के पास दूसरी चेनपुली है, लेके आतूं," सलीम हात पुसत म्हणाला. "तुम बस देखते रहो."

"काय बघत राहू?"

"इंजन."

तो स्कूटरवर बसून गेला आणि मी इंजिनासमोर एकटा उरलो.

तुम्ही कधी छताला टांगलेल्या इंजिनाकडे एकट्याने बघत बसलायत? सुरुवातीला काही वाटत नाही. मग ते किंचित फिरतं. वारा नसताना फिरतं. मग साखळी कुरकुरते. आणि मग नजर आपोआप साखळीवरून वर जाते, कडीपर्यंत.

कडीच्या बुडाशी मला एक काळी रेघ दिसली.

सकाळी ती नव्हती. चष्म्यावर ऑइल उडालं होतं, बनियनने पुसायला गेलो तर आणखी पसरलं, म्हणून चष्मा खिशात होता. उघड्या डोळ्यांना रेघ पुसटच दिसली, पण दिसली. टाचा उंच करून बघितलं. करंगळीएवढी होती. म्हटलं, जुनी असेल. खाली बसलो. दोन-चार बोल्ट मोजल्यासारखे केले. पुन्हा वर बघितलं. आता ती हातभर झाली होती.

छताला तडा जात होता.

रेघ पूर्ण दिसावी म्हणून मी पोर्टिकोच्या कडेला सरकलो, तेवढ्यात माझ्या मानेवर काहीतरी बारीक, टणक पडलं. मग खांद्यावर. प्लास्टर सुटायला लागलं होतं. वर बाल्कनीत पावलांची धपधप चालली होती. माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. गणिताचा माणूस मी, दुसरं काय होणार? खालून इंजिन ओढतंय, वरून बायका दाबतायत. जिन्यावरून वर गेलेल्या बायका मी आठवायला लागलो. त्यांत किराणा दुकानवाल्यांची बायको होती, तिच्या दोन बहिणी होत्या, तिघीही भरल्या अंगाच्या. बेरीज मोठी होत चालली आणि रेघ भिंतीच्या दिशेने सरकत चालली. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये पद्मजा, पोटात मूल घेऊन.

पळत जाऊन "छत पडतंय" म्हणून ओरडावं, हे मला सुचलं नाही असं समजू नका. पण ओरडलो असतो तर सगळ्या एकदम उठल्या असत्या, एकदम जिन्याकडे धावल्या असत्या, आणि त्या धक्क्यानेच बाल्कनी खाली आली असती. चेंगराचेंगरीत पद्मजाला धक्का लागला असता तर? म्हणून ठरवलं की कुणाला कळू न देता बाल्कनी रिकामी करायची. अगदी शांतपणे.

तसाच वर गेलो. तेलकट बनियन, तेलकट हात, लेंगा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला.

बाल्कनीत बघतो तो काय! पद्मजाची खुर्ची कडीच्या बरोबर वर मांडलेली. हातभर हिरव्या बांगड्या, केसांत गजरे, गालाला हळद. बाकीच्या बायका तिच्याभोवती आणि व्हिडिओवाला मोठा दिवा धरून सगळ्यांना सांगत होता, "पास आओ अम्मा, और पास आओ." आणि त्या येत होत्या. होतं नव्हतं ते सगळं वजन त्याने एका जागी गोळा केलं होतं.

मी मंगलला खुणेने बाजूला बोलावलं. "सगळ्यांना आत हॉलमध्ये घे."

"का?"

"विचारू नकोस. घे आत."

"तुम्ही आधी कपडे बदला. लोक बघतायत."

"मंगल, मी गंभीरपणे बोलतोय."

"मीही गंभीरपणेच बोलतेय," ती दात आवळून म्हणाली आणि ओटीचं ताट घेऊन परत बाल्कनीत गेली. म्हणजे आणखी एकीचं वजन वाढलं, आणि तेही माझ्याच बायकोचं.

मग मी वेंकटरावांना गाठलं. "राव साब, अंदर व्हिडिओ अच्छा आएगा."

"अंदर अंधेरा है सर," ते प्रसन्नपणे म्हणाले. "इधर लाइट अच्छा है, हवा है. आपका गाडी हो गया?"

"होरा, होरा."

माझ्या कानात खालच्या साखळीची कुरकुर वाजत होती. एका बाईने पद्मजाला ओवाळायला म्हणून पाय पुढे टाकला आणि मला खात्री वाटली की आता संपलं. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि असं काही की पद्मजा स्वतःहून उठली पाहिजे. वरचा फोन आठवडाभर बंद होता आणि त्यांचे फोन आमच्याकडे खाली यायचे. माझ्या तोंडून निघून गेलं, "पद्मजा, तेरा फोन आया. अमेरिका से. सुधाकर का."

तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. ती उठली. मला हायसं वाटलं. पण तिच्या पाठोपाठ तिची आई सावित्रम्मा उठली, मावश्या उठल्या, किराणावाली आणि तिच्या बहिणी उठल्या, व्हिडिओवाला दिवा घेऊन निघाला. जावयाचा फोन सगळ्यांनाच ऐकायचा होता. बघता बघता बाल्कनी रिकामी झाली.

आणि पोर्टिको भरला.

माझ्या लक्षात हे आधी यायला हवं होतं. जिना पोर्टिकोतच उतरत होता. ज्या छतावरून मी त्यांना सोडवलं होतं, त्याच छताखाली आता त्या सगळ्या उभ्या होत्या, लटकलेल्या इंजिनाच्या चहूबाजूंनी. एकीने त्याला हात लावून बघितला आणि बोटाला लागलेलं काळं पुसायला जागा शोधायला लागली. कुणी म्हणालं, हे काय आहे? व्हिडिओवाल्याने त्याचंही शूटिंग केलं.

पद्मजा आमच्या पुढच्या खोलीत जाऊन फोनवर "हॅलो, हॅलो" करत होती. दारातून सगळ्या बघत होत्या.

"कट हो गया शायद," मी म्हणालो. "आप लोग बाहर गेट के पास खडे रहो, फिर से आएगा तो बुलातूं."

कुणी हललं नाही. वेंकटराव कपाळावर आठ्या घालून उभे होते. "सर, वहाँ तो अभी आधी रात होगी," ते म्हणाले. "आधी रात को फोन कायकू किया?"

आता बघा, त्याच क्षणी मी सगळं सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मी वर बघितलं, रेघ भिंतीपर्यंत पोचली होती, आणि सांगायचं राहून गेलं.

सावित्रम्मा मटकन खाली बसल्या. त्या पोत्याखालच्या जपानी इंजिनावर बसल्या आहेत, हे त्यांना कळलंच नाही. "आवाज कैसा था उनका?" त्यांनी मला विचारलं.

"आवाज..." मी म्हणालो, "आवाज जरा बैठा हुआ था."

हे मी का म्हणालो, मला आजही सांगता येत नाही. पण म्हणालो. सावित्रम्मांनी पदर तोंडाला लावला. खोलीतून पद्मजाचा हुंदका ऐकू आला. मावश्या तेलुगूत एकमेकींना काहीतरी सांगायला लागल्या, आणि त्यात 'ॲक्सिडेंट' हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. वेंकटराव रेशमी धोतराचा सोगा हातात धरून कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथकडे धावले. त्या माणसाला मी त्याआधी कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं.

मी मात्र छताकडेच बघत होतो. बायका बाहेर निघत नाहीत, सलीम येत नाही. कपडे वाळत घालायची लांब काठी कोपऱ्यात होती. ती उचलली, तिचं टोक कडीजवळ छताला टेकवलं आणि दुसरं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिलो. डोळे मिटून घेतले. वेंकटरावांच्या सगळ्या घराचा भार आपण त्या काठीवर पेलतोय, असं मला खरंच वाटत होतं. घाम डोळ्यांत जात होता.

"काय करताय?" मंगलने विचारलं.

"बोलू नकोस. पद्मजाला घेऊन गेटबाहेर जा."

तेवढ्यात सलीमची स्कूटर आली. खांद्यावर चेनपुली टाकून तो आत शिरला आणि जागच्या जागी थांबला. रडणाऱ्या बायका, मध्ये इंजिन, पोत्यावर सावित्रम्मा, आणि काठीने छत धरून उभा असलेला मी.

"मैं इतनी देर में आया क्या?" तो हळूच म्हणाला.

त्याच्या मागोमाग वेंकटराव आले. धापा टाकत होते. त्यांनी आधी बायकोकडे बघितलं. "सुधाकर अच्छा है. सोता था वो. वो फोन किया ही नहीं." मग सावकाश माझ्याकडे वळले. "सर, आप झूट कायकू बोले?"

मी काठी सोडली नाही.

"राव साब, सबको बाहर लेके जाओ," मी म्हणालो. "स्लॅब टूट रा. आपकी कडी को इंजन टांगा मैं. मेरी गलती है. पहले इनको बाहर लेके जाओ."

वेंकटरावांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यांनी वर बघितलं. सगळ्यांनी वर बघितलं. मग वेंकटराव पुढे झाले, पद्मजाचा हात धरला आणि तिला गेटकडे न्यायला लागले. पण पद्मजा निघेना. डोळे पुसून ती छताकडे बघत होती, मान वाकडी करून, बारीक डोळ्यांनी.

"नान्ना," ती वडिलांना म्हणाली, "चीमलु."

मला तेलुगू बेताचंच यायचं. मला वाटलं, तड्याला म्हणत असतील. ती माझ्याजवळ आली, माझ्या हातातली काठी काढून घेतली, आणि तिचं टोक त्या रेघेवर हलकेच फिरवलं.

तडा पळायला लागला.

हो, पळायला. माझ्या डोळ्यांदेखत तो मधोमध तुटला, पांगला, आणि त्याचे शेकडो ठिपके छतावर सैरावैरा धावले. मी खिशातून चष्मा काढला, तसाच तेलकट डोळ्यांवर लावला. मुंग्या होत्या. कडीच्या बुडाशी त्यांचं घर होतं, इंजिनाने ते हलवलं, आणि त्या बिचाऱ्या संसार उचलून, ओळीने, वरच्या लाडवांच्या वासावर बाल्कनीकडे निघाल्या होत्या. मंगलने माझ्या खांद्यावरून काहीतरी टिपलं आणि तळहातावर धरून मला दाखवलं. अक्षता होत्या. ओवाळताना बाल्कनीच्या कडेवरून खाली पडत होत्या.

मग पद्मजा हसली. हसता हसता तिने पोट धरलं, तसा मी पुन्हा घाबरलो. "हसू नको बाळा, हसू नको," मी मराठीतच म्हणत सुटलो, आणि ती आणखी हसायला लागली. मग सगळ्याच. किराणावाल्यांच्या बायकोला तर तिच्या बहिणींनी दोन्हीकडून धरलं. सलीम चेनपुली खाली ठेवून भिंतीला टेकून बसला.

त्यातच आमचा फोन वाजला. मीच सर्वांत जवळ होतो. उचलला.

"अंकल, मैं सुधाकर. क्या हुआ वहाँ? मामाजी बूथ से फोन किए, पूछे जिंदा है क्या. पद्मजा ठीक है?"

"ठीक है बेटा. सब ठीक है."

"फिर हुआ क्या?"

काय सांगणार? "चींटियाँ थीं," मी म्हणालो.

मग तो अगदी आदराने म्हणाला, "अंकल, आप थोडा आराम करो."

त्या दिवशी इंजिन उतरलं. दुसऱ्या चेनपुलीने, सलीमने आणि व्हिडिओवाल्याने मिळून उतरवलं. मला त्यांनी हात लावू दिला नाही.

वेंकटराव पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी खोटं बोललो, जावयाला मध्यरात्री उठवायला लावलं, घरच्यांना रडवलं, याचा राग असेल असं मी धरून चाललो होतो. शेवटी एका संध्याकाळी धीर करून वर गेलो आणि माफी मागितली. ते हात झटकून म्हणाले, "वो सब छोडो सर. फोन का बात छोडो. लेकिन आप मेरा स्लॅब पे शक किए." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "एक इंजन से टूटेगा मेरा स्लॅब?"

मी म्हटलं, नाही तुटणार. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. नवं इंजिन त्याच कडीला टांगून बसवायचं, असा त्यांनी हुकूम केला. आम्ही साखळी ओढत होतो तेव्हा ते वर बाल्कनीत, कडीच्या बरोबर वर, हाताची घडी घालून उभे राहिले. इंजिन गाडीत बसेपर्यंत हलले नाहीत. मी खालून छताकडे एकदाही बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती.

आणि गाडी चालू झाली. खरं सांगतो. थोडा धूर, थोडा ट्रॅक्टरसारखा आवाज, पण चालू झाली आणि चालू राहिली. काढलेल्या तुकड्यांतले काही उरले होते, ते सलीमने एका डब्यात भरून फळीवर ठेवले. "एक्स्ट्रा है," म्हणाला.

पुढे पद्मजाचे दिवस भरले. एका दुपारी वरून धावपळ ऐकू आली. मी लगेच गाडी काढली, गेटसमोर लावली, इंजिन चालू ठेवलं. वेंकटराव पद्मजाला धरून खाली आले, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात जोडून म्हणाले, "सर, आप रहने दो." आणि ऑटोला हात केला.

मला वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण त्यांनी कपड्यांची पिशवी, थर्मास आणि चटई माझ्या गाडीत टाकली. एवढा भरवसा उरला होता. "हमारे पीछे पीछे आना," म्हणाले.

दवाखाना मला माहीत नव्हता, पण ऑटोच्या मागे जायचं तर त्यात काय मोठं? निघालो. गाडी अशी पळत होती म्हणता. एकदाही बंद पडली नाही, एकदाही अडली नाही. छाती भरून आली. ऑटो कुठेही वळला तरी मी मागे, त्याला नजरेआड होऊ दिलं नाही. मध्ये चौकात ऑटोंची गर्दी झाली, तिच्यातूनही मी ऑटो सोडला नाही. त्याने वेग वाढवला, मी वाढवला. त्याने गल्लीत घातला, मी गल्लीत घातली.

ऑटो काचीगुडा स्टेशनसमोर थांबला.

त्यातून एक परका गृहस्थ उतरला. कपाळावर घाम, लोखंडी ट्रंक दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. माझ्या गाडीकडे बघत तो दोन पावलं मागे सरकला.

"कबसे देखरूं," तो कापऱ्या आवाजात म्हणाला. "मेरा पीछा कायकू कररे आप?"

मी घाईघाईने खाली उतरलो. त्याला धीर द्यावा म्हणून पिशवी उंच धरून दाखवली आणि म्हणालो, "घबराओ नक्को. बच्चे के कपडे लाया मैं."